चाळिशीनंतर चिखलात उतरताना: ब्रिटनमधल्या शरद ऋतूतल्या शर्यती

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, चाळिशी-पन्नाशीतल्या आणि थोडंफार नियमित धावणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे. शनिवारचं पार्करन, म्हणजे सकाळची पाच किलोमीटरची मोफत धाव, न थांबता पूर्ण होतं, ऑफिसच्या लोकांबरोबर एखादी हाफ मॅरेथॉन झालेली आहे, आणि आता पुढे काय असा प्रश्न पडलाय, असं धरून चालतो. या टप्प्यावर बहुतेक जण फुल मॅरेथॉनच्या मागे लागतात. माझं म्हणणं, आधी एक शरद ऋतू क्लबच्या व्हेस्टमध्ये, म्हणजे क्लबच्या बिनबाह्यांच्या बनियनमध्ये, घालवा. दोन-तीन क्रॉस-कंट्री (म्हणजे शेता-माळावरच्या शर्यती), एखाद-दुसरी रोड रेस आणि जमलं तर एक डोंगरावरची. सप्टेंबरअखेरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत हे सगळं आरामात बसतं. खर्च कमी, प्रवास जवळचा, आणि वय लपवावं लागत नाही. काही मास्टर्स शर्यतींत तर वयोगटाचा आकडा पाठीवर लावूनच पळायचं असतं, म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं की पुढचा आपल्या गटातला आहे की नाही. त्या आकड्यामुळे शेवटच्या दोनशे मीटरमध्ये भलीभली शांत माणसं कशी पेटतात ते बघण्यासारखं असतं.

पहिलं काम: आपण कोणत्या गटात आहोत ते बघा

‘वेटरन’ किंवा ‘मास्टर्स’ म्हणजे ठरावीक वयापुढचा धावक. ही रेषा सगळीकडे सारखी नाही. ट्रॅकवरच्या मास्टर्स स्पर्धा स्त्री-पुरुष दोघांसाठी ३५ पासून सुरू होतात. क्रॉस-कंट्रीच्या बहुतेक लीगमध्ये मात्र जुनी पद्धत चालू आहे: स्त्रिया ३५ पासून, पुरुष ४० पासून. पुढे पाच-पाच वर्षांचे गट: ४५, ५०, ५५ असे वर सत्तर-ऐंशीपर्यंत. डोंगरावरच्या शर्यतींत गट सहसा दहा वर्षांचे असतात, ४०, ५०, ६०, ७०. वय धरतात ते शर्यतीच्या दिवशीचं. त्यामुळे नोव्हेंबरात पन्नाशी पूर्ण होणारा माणूस ऑक्टोबरात ४५च्या गटातला सगळ्यात म्हातारा असतो आणि महिन्याभरात ५०च्या गटातला सगळ्यात तरुण. इथे लोक पन्नासाव्या वाढदिवसाची वाट बघतात, आणि ते चेष्टेत म्हणत नाहीत.

दुसरा आकडा म्हणजे ‘एज ग्रेड’. तुमच्या वयाच्या आणि लिंगाच्या प्रमाणित सर्वोत्तम वेळेशी तुमची वेळ ताडून काढलेली ही टक्केवारी असते. ६० टक्क्यांच्या वर स्थानिक दर्जा, ७० च्या वर प्रादेशिक, ८० च्या वर राष्ट्रीय, ९० च्या वर जागतिक, अशी ढोबळ उतरंड आहे. पार्करनच्या निकालात ती आपोआप येते. दरवर्षी पाच किलोमीटरची वेळ काही सेकंदांनी वाढत जाणार, ते कुणालाच चुकत नाही. पण टक्केवारी तीच राहिली किंवा वर सरकली, तर तुम्ही मागे पडलेला नाहीत. चाळिशीनंतर मी घड्याळापेक्षा याच आकड्यावर जास्त विश्वास ठेवतो.

वयाचं फार वाटायला लागलं तर दोन नावं लक्षात ठेवा. १९८१ साली पहिली लंडन मॅरेथॉन झाली, तेव्हा स्त्रियांत जिंकलेल्या जॉइस स्मिथ ४३ वर्षांच्या होत्या, आणि पुढच्याच वर्षी त्या पुन्हा जिंकल्या. लंडनजवळ जन्मलेले आणि पुढे कॅनडात स्थायिक झालेले एड व्हिटलॉक यांनी २००४ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत पूर्ण केली.

दुसरं: तपासणी

हा भाग कंटाळवाणा आहे, पण आपल्या लोकांनी टाळू नये असा आहे. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत हृदयविकार आणि टाइप २ मधुमेह इथल्या गोऱ्या लोकांपेक्षा जास्त प्रमाणात आणि लवकर दिसतात. बारीक अंगकाठी असली तरी. इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयाच्या, आधीपासून असे आजार नसलेल्या लोकांना एनएचएसची ‘हेल्थ चेक’ दर पाच वर्षांनी मोफत मिळते: रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेहाचा धोका. बोलावणं आलं नसेल तर जीपीच्या दवाखान्यात फोन करून विचारा. घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल, किंवा धावताना छातीत दाब, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप असं काही झालं असेल, तर शर्यतीत नाव घालण्याआधी ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. रक्तदाबावर बीटा-ब्लॉकर चालू असेल तर हृदयाचे ठोके कमीच दिसतात, म्हणून घड्याळातल्या हार्ट रेटवर सराव आखू नका.

आणि व्हिटॅमिन डी. शरद आणि हिवाळ्यात सगळ्यांनीच रोज १० मायक्रोग्रॅम घ्यावं असं इथलं सरकारी सांगणं आहे. सावळ्या त्वचेच्या लोकांनी वर्षभर घेण्याचा विचार करावा असंही. पाळी थांबण्याच्या वयातल्या बायकांनी हाडांच्या दृष्टीने हे मनावर घ्यावं.

तिसरं: क्लब शोधा

ही पायरी गाळून चालत नाही. पार्करनला किंवा मोठ्या रोड रेसला एकट्याने जाता येतं. क्रॉस-कंट्री लीगला क्लबशिवाय बहुतेक ठिकाणी उभंच राहता येत नाही. गावोगावी क्लब आहेत, नावात ‘हॅरियर्स’, ‘रोड रनर्स’, ‘एसी’ (अ‍ॅथलेटिक क्लब) असं काही असतं. नाव बघून बिचकू नका. मंगळवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी त्यांचा सराव असतो, आणि दोन-तीन वेळा फुकट येऊन बघा असं बहुतेक क्लब स्वतःच सांगतात.

जाताना तीन गोष्टी विचारा. तुमच्या वेगाचा गट आहे का? क्लब कोणत्या क्रॉस-कंट्री लीगमध्ये उतरतो? वेटरन्सची टीम पूर्ण होते का? तिसऱ्या प्रश्नावर कॅप्टनचे डोळे चमकले, तर समजा तुम्ही योग्य ठिकाणी आलात. स्त्री असाल तर जास्तच, कारण बऱ्याच क्लबांना चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांची टीम भरताना नाकी नऊ येतात.

सभासद होताना इंग्लंड अ‍ॅथलेटिक्सची नोंदणीही क्लबमार्फत करून घ्या. तिचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असतं. या नोंदणीमुळे परवानाधारक रोड रेसमध्ये प्रवेश थोडा स्वस्त पडतो, पण मुख्य म्हणजे विभागीय आणि राष्ट्रीय क्रॉस-कंट्रीचं दार उघडतं. दोन क्लबांत जात असाल तर एकच ‘फर्स्ट क्लेम’ असतो, म्हणजे स्पर्धेत तुम्ही त्याच क्लबचे. क्लबची व्हेस्ट विकत घ्या. टीमच्या शर्यतीत ती लागतेच. थंडीत आतून लांब बाह्यांचा टी-शर्ट चालतो.

चौथं: क्रॉस-कंट्री

बागेत, गोल्फ कोर्सच्या कडेला, शेतात किंवा माळावर आखलेला मार्ग. टेप आणि खुंट्या लावलेले, दोन-तीन फेऱ्या, एकूण सहा ते दहा-बारा किलोमीटर. मोसम ऑक्टोबर ते मार्च. चिखल हा अपघात नसतो, कार्यक्रमाचाच भाग असतो. पहिली राष्ट्रीय क्रॉस-कंट्री १८७६ साली एपिंग फॉरेस्टमध्ये झाली, तेव्हा धावक रस्ता चुकले आणि शर्यत रद्द धरावी लागली. तेव्हापासून या खेळाने नीटनेटकेपणाचा आव फारसा आणलेला नाही.

गुणांची पद्धत आधी समजून घ्या, कारण सगळी गंमत तिच्यात आहे. तुम्ही जितक्यावे येता तितके गुण, आणि टीमच्या पहिल्या ठरावीक धावकांच्या गुणांची बेरीज. सहा धावक मोजले जात असतील आणि ते ५, ११, २०, ३४, ६१, ९० असे आले, तर एकूण २२१. ज्या टीमची बेरीज सगळ्यात कमी, ती जिंकते. म्हणजे पहिला आलेला हिरो टीमला दोन-चार गुण वाचवून देतो, पण सहावा धावक ९० ऐवजी ७० वा आला तर वीस गुण वाचतात. टीमचं नशीब मागच्या माणसाच्या हातात असतं. शिवाय तुम्ही पहिल्या सहात नसलात, तरी दुसऱ्या क्लबच्या सहाव्या माणसाच्या पुढे गेलात की त्याचा क्रमांक एकने मागे सरकतो. वेटरन्सचा निकाल बऱ्याच लीगमध्ये वेगळा काढतात, त्यामुळे खुल्या गटात दीडशेवा आलेला पंचावन्न वर्षांचा माणूस वेटरन्स टीमचा आधारस्तंभ असू शकतो. सरळ रस्त्यावरच्या मोठ्या शर्यतीत दीडशेव्या आणि दोनशेव्या माणसात कुणाला फरक पडत नाही. इथे पडतो, आणि म्हणूनच शेवटच्या चढावर लोक तुमचं नाव घेऊन ओरडतात.

लीग शहराशहरांत वेगवेगळ्या आहेत. लंडनच्या आसपास मेट्रोपॉलिटन आणि सरे लीग, मँचेस्टरकडे मँचेस्टर एरिया लीग, लीड्सच्या बाजूला पेको आणि वेस्ट यॉर्कशर लीग. उत्तर-पूर्वेकडच्या हॅरियर लीगमध्ये एक झकास पद्धत आहे: ‘स्लो’, ‘मीडियम’ आणि ‘फास्ट’ असे तीन गट, संथ गट आधी सुटतो, वेगवान सगळ्यात शेवटी. संथ गटात चांगला क्रमांक काढला की पुढच्या वेळी बढती. त्यामुळे नवख्याला शर्यतीच्या पुढच्या टोकाला धावायचा अनुभव पहिल्याच दिवशी मिळतो, आणि मागून फास्ट गट धडधडत येतो तेव्हा वाटेतून बाजूला व्हायचं कसं, याचाही.

बूट: दोन पर्याय. स्पाइक्स म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, किंवा खोल नक्षीच्या तळाचे फेल शूज (‘फेल’ म्हणजे इथला डोंगर). पहिल्या मोसमात फेल शूज घ्या. चिखलात पुरेशी पकड देतात, दगडी पायवाट आली तरी चालतात, आणि पुढे डोंगरावर तेच वापरता येतात. स्पाइक्सची टाच अगदी पातळ असते. वर्षानुवर्षं गुबगुबीत रोड शूजमध्ये धावलेल्या पोटरीला आणि घोट्यामागच्या जाड शिरेला ती एकदम झेपत नाही, आणि चाळिशीनंतर तिथली दुखापत महिनोन् महिने रेंगाळते. स्पाइक्स घ्यायचेच तर आधी गवतावर आठवड्याला थोडा वेळ घालून सवय करा. खिळे बदलता येतात: जमीन कडक असेल तर ९ मिलिमीटर, सर्वसाधारण चिखलाला १२, गुडघाभर राडा असेल तर १५. किल्ली आदल्या दिवशीच वापरा. मैदानावर, गारठलेल्या बोटांनी, मातीने बुजलेल्या भोकांत खिळे पिळत बसण्याइतकं वैतागाचं काम नाही. बुटाच्या नाड्या दुहेरी गाठ मारून आत खोचा, चिखल बूट ओढून नेतो.

शर्यतीच्या दिवशी असं करा:

- निदान एक तास आधी पोचा. पार्किंग लांब असतं, शौचालयाची रांग त्याहून लांब.
- क्लबचा तंबू किंवा झेंडा शोधा आणि कॅप्टनला तोंड दाखवा. नंबर त्याच्याकडेच असतो. चार सेफ्टी पिना घरूनच न्या.
- नंबरच्या मागे आजार, औषधं आणि घरच्यांचा फोन लिहा. दुसऱ्याचा नंबर लावून कधीही धावू नका.
- मार्गाची एक फेरी हळू पळत पाहून घ्या. चिखल कुठे खोल आहे, वळण कुठे अरुंद आहे, शेवटचा चढ किती लांब आहे. हेच वॉर्म-अप.
- वरचे गरम कपडे सुटायच्या दोन मिनिटं आधीपर्यंत अंगावर ठेवा.

बंदूक वाजली की सगळे वेड्यासारखे सुटतात, कारण पुढे वाट अरुंद होते. नवख्याने यात पडू नये. मागच्या तिसऱ्या भागात कडेला उभे राहा. पहिला किलोमीटर मुद्दाम आवरून धावा. दुसऱ्या फेरीपासून माणसं आपोआप हाती लागतात. चिखलात वेग बघणं सोडून द्या, घड्याळातला प्रति किलोमीटर आकडा इथे निरर्थक आहे. पावलं आखूड आणि भरभर, हात थोडे बाजूला, नजर चार-पाच मीटर पुढे. डबकं दिसलं तर शक्यतो मधून जा. कडेची वाट शंभर लोकांनी तुडवून अधिक निसरडी केलेली असते.

शेवटची रेषा ओलांडली की ‘फनेल’ म्हणजे दोरीची अरुंद गल्ली लागते. तिथे ज्या क्रमाने आलात त्याच क्रमाने चालत राहा, कितीही मळमळत असलं तरी. अनेक ठिकाणी अजूनही क्रमांकाचं कार्ड किंवा टोकन हातात देतात, ते कॅप्टनकडे पोचवा. ते खिशात घालून घरी गेलात तर टीमचा निकाल अडकतो. मग लगेच कोरडे कपडे. नंतर केक. घरून काही करून न्यायची पाळी आली, तर शंकरपाळे न्या. डबा रिकामा परत येतो आणि पुढच्या वेळी तुमचं नाव सगळ्यांना पाठ असतं.

पाचवं: रोड रेस

याबद्दल थोडक्यात, कारण हे तुम्हाला आधीच माहीत आहे. १९८१ पासून चालत आलेली, न्यूकॅसलहून साउथ शील्ड्सला जाणारी ग्रेट नॉर्थ रन सप्टेंबरात असते; पोर्ट्समथची दहा मैलांची ग्रेट साउथ रन आणि कार्डिफची हाफ मॅरेथॉन ऑक्टोबरात. त्या एकदा करण्यासारख्या आहेत, पण महाग आहेत आणि खूप आधी भरतात. नवख्या वेटरनने त्याऐवजी जवळच्या क्लबने भरवलेली दहा किलोमीटर किंवा दहा मैलांची शर्यत निवडावी. सपाट मार्ग, काही शे धावक, शाळेच्या हॉलमध्ये नंबर. तिथली वेळ हा तुमचा खरा मापदंड. रस्ता वाहतुकीला पूर्ण बंद नसेल तर कानात इअरफोन घालायला सहसा बंदी असते, हाडातून ऐकू येणारे चालतात की नाही ते आयोजकाच्या सूचनांत बघा. ओल्या पानांनी झाकलेल्या उताराच्या वळणावर वेग घालू नका. चिखलात पडलं तर हसू येतं, डांबरावर पडलं तर मनगट मोडतं.

रोड रिलेचं बोलावणं आलं तर नाही म्हणू नका. ऑक्टोबरात बर्मिंगहॅमच्या सटन पार्कमध्ये राष्ट्रीय रिले असतात. क्लबाक्लबांच्या छोट्या वेटरन्स रिलेही होतात, त्यात प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच अंतर येतं.

सहावं: डोंगरावरची शर्यत

सह्याद्रीत पावसाळ्यात ट्रेक केलेल्या माणसाला फेल रनिंग लगेच ओळखीचं वाटतं: धुकं, निसरडी वाट, वाऱ्याचा मारा. फरक असा की इथे वाट कधी कधी नसतेच. चेकपॉइंट ठरलेले, मधला मार्ग तुमचा तुम्ही शोधायचा. आणि थंडी. ऑक्टोबरातल्या पावसात भिजून, दमून, पाय मुरगळून थांबलात तर अंगातली ऊब फार झपाट्याने जाते. म्हणून हा प्रकार तिसरा ठेवलाय, आणि म्हणूनच इथले नियम कडक आहेत.

१९७० मध्ये स्थापन झालेली फेल रनर्स असोसिएशन शर्यतींना दोन अक्षरं देते. पहिलं चढाचं. ‘ए’ म्हणजे दर किलोमीटरला सरासरी निदान ५० मीटर चढ, ‘बी’ म्हणजे निदान २५, ‘सी’ म्हणजे निदान २०. दुसरं अंतराचं: ‘एस’ दहा किलोमीटरपर्यंत, ‘एम’ दहा ते वीस, ‘एल’ वीसच्या पुढे. पहिली शर्यत ‘बीएस’ किंवा ‘सीएस’ घ्या, फार तर ‘बीएम’. छोटी म्हणजे सोपी असं मात्र समजू नका. सहा किलोमीटरची ‘एएस’ म्हणजे सरळ वर आणि सरळ खाली, आणि उतार नवख्याच्या मांड्या दोन दिवस जाग्यावर बसवतो. ऑक्टोबरात यॉर्कशरमधल्या हॉवर्थजवळ होणारी विदिन्स स्कायलाइन ही सुरुवातीला चांगली: सुमारे अकरा किलोमीटर, मोकळा माळ, भरपूर लोक. नोव्हेंबरातल्या टूर ऑफ पेंडलचं नाव क्लबात सारखं कानावर येईल. लँकेशरमधल्या बार्ली गावातून सुटणारी ही शर्यत २७ किलोमीटरच्या आसपास आहे, आणि चढ जवळजवळ दीड हजार मीटर. ती पहिल्या वर्षी बघायला जा.

सोबत न्यायचं सामान: अंगभर पुरेल असं जलरोधक जाकीट आणि पँट, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि थोडं खाणं. लांब आणि अवघड शर्यतींत हे सक्तीचं असतं आणि तपासतात. छोट्या शर्यतीत आयोजक हवामान बघून ठरवतो. सगळं कमरेच्या छोट्या पिशवीत मावतं. खाण्यासाठी महागडे जेल कशाला? चिक्कीचे दोन तुकडे किंवा राजगिऱ्याचा लाडू प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, भिजत नाही आणि गारठ्यात दगडही होत नाही. शिट्टीचा संकेत लक्षात ठेवा: एका मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबायचं, मग पुन्हा सहा. फोन असला तरी त्यावर विसंबू नका, दऱ्यांत रेंज नसते.

सगळ्यात महत्त्वाचा नियम: शर्यत अर्धवट सोडली तर आयोजकांना कळवल्याशिवाय घरी जायचं नाही. जवळच्या मार्शलला सांगा आणि मग शेवटच्या रेषेवर जाऊनही स्वतः सांगा. तुम्ही गाडीत बसून घरी चहा पीत असता, आणि इकडे माउंटन रेस्क्यूचे स्वयंसेवक अंधारात तुम्हाला शोधत डोंगर पालथा घालतात. असं करणाऱ्याला या खेळात लोक विसरत नाहीत.

चढावर चाला. सगळेच चालतात, पुढचेसुद्धा. हात गुडघ्यांच्या वर मांडीवर टेकवून, पाठ वाकवून, लहान पावलं. उतारावर उलट: मागे रेलू नका, टाचेवर ब्रेक लावू नका. किंचित पुढे झुकून, पावलं भरभर, पाय जमिनीला जेमतेम लागेल असे. हे सरावाने येतं. सराव उतारावरच करावा लागतो, त्याला दुसरा मार्ग नाही. नकाशा वाचायची सवय नसेल तर कोरड्या रविवारी क्लबच्या जाणत्या माणसाबरोबर मार्ग आधी फिरून या. इथे त्याला ‘रेकी’ म्हणतात, आणि जुने फेल धावक ते आनंदाने करतात, कारण त्यांना ऐकवायला गोष्टी भरपूर असतात. त्यांत जॉस नेलरचं नाव येणारच. लेक डिस्ट्रिक्टमधल्या वॉसडेलचा हा मेंढपाळ २०२४ मध्ये वारला. १९८६ मध्ये, पन्नाशीत, त्याने तिथले २१४ डोंगर सलग सात दिवस एक तास २५ मिनिटांत केले, आणि सत्तरी गाठल्यावर एका दमात सत्तर माथे. त्याच्या नावाचं ४८ मैलांचं आव्हान फक्त पन्नाशीपुढच्या लोकांसाठी आहे. त्याखालच्यांना प्रवेशच नाही.

सातवं: आठवडा कसा आखायचा

तीन दिवस धावणं, एक दिवस ताकदीचे व्यायाम, बाकी चालणं किंवा काही नाही. चाळिशीनंतर धावायची ताकद जितकी घटते त्यापेक्षा सावरायची ताकद जास्त घटते, असा माझा अनुभव आहे. दोन जोरदार दिवसांत किमान ४८ तास ठेवा, पन्नाशीनंतर ७२. मंगळवारी क्लबबरोबर चढाच्या किंवा वेगाच्या फेऱ्या, गुरुवारी गप्पा मारता येतील अशा वेगाने पाऊण तास, आणि शनिवारी शर्यत. शर्यत नसेल तर रविवारी दीड तास संथ, शक्यतो मातीवर. शनिवारी दुपारी क्रॉस-कंट्री असेल तर सकाळचं पार्करन धावू नका, तिथे स्वयंसेवक म्हणून उभे राहा.

ताकदीचं म्हणाल तर पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करणं, आधी दोन्ही पायांवर, मग एकेका पायावर, सावकाश खाली सोडत. एका पायावर अर्धी बैठक. दात घासताना एका पायावर उभं राहणं. जिम नको, रोज दहा मिनिटं पुरतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि साडेचार-पाचला अंधार पडतो, तेव्हा कपाळावरचा दिवा आणि चमकणारं जाकीट त्याआधीच घेऊन ठेवा. सर्दी नुसती नाकात असेल तर हळू पळा. ताप किंवा छातीत कफ असेल तर अजिबात नाही.

आठवं: नवरात्र, दिवाळी आणि घरची शांतता

क्रॉस-कंट्रीचा मोसम आणि आपले सण नेमके एकमेकांवर येतात. नवरात्राचे नऊ दिवस उपवास असेल तर त्या आठवड्यात वेगाचा सराव सोडून द्या, फक्त संथ धावा. साबुदाणा खिचडी, रताळं, केळं, दूध यावर तेवढं निभतं. निर्जळी उपवासात शर्यत नको. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवास आणि धावणं एकत्र करण्याआधी डॉक्टरांशी बोलाच, आणि खिशात ग्लुकोज ठेवा. शर्यतीच्या दिवशी तीन तास आधी पोहे किंवा भात-वरण उत्तम, तळलेलं नको. फराळ संध्याकाळी.

मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम बहुतेक शनिवारी असतो, मुलांची मराठी शाळाही शनिवार-रविवारीच, आणि लीगची शर्यतही शनिवारीच येते. म्हणून ऑगस्टअखेरीस लीगच्या तारखा छापून फ्रिजवर लावा आणि घरच्यांसमोर बसून ठरवा की यातल्या कोणत्या तुमच्या. सगळ्या मागितल्या तर एकही मिळणार नाही. तीन मागा. बूट बाहेरच धुवायचे, कपडे बादलीत वेगळे भिजवायचे, बाथरूमची जाळी आपणच साफ करायची, हेही त्याच बैठकीत मान्य करून टाका.

नोव्हेंबरात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड यांच्यात मास्टर्सची आंतरराष्ट्रीय क्रॉस-कंट्री होते, वयोगटांनुसार देशाची व्हेस्ट घालून. ती निवडीने मिळते. फेब्रुवारीतल्या इंग्लिश नॅशनलला, म्हणजे इंग्लंडच्या राष्ट्रीय क्रॉस-कंट्रीला, मात्र पात्रतेची वेळ लागत नाही. क्लबने नाव पाठवलं की झालं, आणि लंडनच्या पार्लमेंट हिलवर ती असते त्या वर्षी हजारो लोक एकाच वेळी तो पहिला चढ चढतात, देशाचा विजेता आणि तुम्ही एकाच रेषेवरून सुटून. क्लबांच्या प्रवेशिका बऱ्याच आधी बंद होतात. कॅप्टनला डिसेंबरातच सांगून ठेवा.